डेर्ले नाना आणि शेवटच्या खोलीतलं वायफाय

डेर्ले नाना कुणाच्याही घरी गेले की बैठकीच्या खोलीत बसत नाहीत. चपला दाराबाहेर काढायच्या, "हाय का कुणी?" असं एकदा मोठ्यानं विचारायचं आणि उत्तराची वाट न बघता थेट घराच्या सगळ्यात शेवटच्या खोलीत जाऊन कोपऱ्यात उभं राहायचं, हा त्यांचा शिरस्ता. तिथे भिंतीला पाठ टेकवून ते खिशातून मोबाइल काढतात, छातीशी धरतात, डोळे बारीक करून त्यात बघतात आणि मग म्हणतात, "हां. आता बोला, काय म्हणता?" ती शेवटची खोली देवघर असो, नव्या सुनेची असो, नाहीतर धुणं वाळत घातलेली बाल्कनी असो, नानांना त्याचं काही नसतं. आमच्या इमारतीत नवीन राहायला आलेल्यांची पहिल्या भेटीत फार तारांबळ उडते. आम्ही जुन्या लोकांनी मात्र शेवटच्या खोल्या आवरून ठेवायची सवय लावून घेतली आहे.

आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहणारे नाना मूळचे सायखेड्याचे, पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. धरणातून सोडलेलं पाणी पाटानं, पाटातून चाऱ्यांनी आणि चाऱ्यांतून शेतापर्यंत पोचतं की नाही हे बघत मोटारसायकलवर हिंडण्यात त्यांची उभी नोकरी गेली. पाणी जिथून सुटतं ते हेड आणि जिथे संपतं ते टेल. हे शब्द इंग्रजी असले तरी आमच्याकडे अंगठा उठवणारा शेतकरीसुद्धा ते बिनदिक्कत वापरतो. नानांनी तर त्यावर सगळ्या जगाची मांडणी करून टाकली आहे. "हेडला बसून टेल कळत नाय," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. लग्नाच्या पंगतीत ते हटकून शेवटच्या पानावर बसतात, आणि जिलबी तिथवर यायच्या आत संपली तर वाढप्याचा हात धरून त्याला पहिल्या पानापर्यंत चालत नेतात. "इथं किती वाढल्या? आन् तिथं? मग?" असा जाहीर पंचनामा होतो. नवरदेवाच्या बापाला त्या दिवशी मुलीच्या बापापेक्षा जास्त घाम फुटतो.

असल्या माणसाच्या हाती इंटरनेट लागलं.

झालं असं, की आमच्या इमारतीत एकामागून एक सगळ्यांनी वायफाय घेतलं आणि एकामागून एक सगळेच त्याच्या नावानं बोटं मोडायला लागले. नानांनी आठवडाभर नुसतं ऐकून घेतलं. मग एके दिवशी पार्किंगमध्ये उभं राहून त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. "कंपनी म्हंजी धरण. वायर म्हंजी पाट. त्यो दिवे मिचकावणारा डबा म्हंजी हेडचं गेट. आन् तुमचा काँप्युटर म्हंजी शेत. यात अवघड काय हाय?" मी तोंडावर पदर धरून हसले होते, हे मला चांगलं आठवतं. पुढे हसायची सोय राहिली नाही.

आता माझी अडचण सांगते. मी पिंपळगावच्या एका पॅकहाऊससाठी द्राक्षांच्या निर्यातीची कागदपत्रं करते. गाडी इथून बंदराकडे निघते आणि ती तिथे पोचायच्या आत तिचे कागद इंटरनेटवरून पोचावे लागतात. कागद अडले तर गाडी अडते, आणि गाडी अडली तर मालक जाब मलाच विचारतात. हे काम मी घरून करते, दोन पडद्यांच्या मोठ्या काँप्युटरवर, आणि तो काँप्युटर आहे घरातल्या शेवटच्या खोलीत. कारण त्या खोलीत माझी आई असते.

पक्षाघातानं आईची उजवी बाजू गेली, पाठोपाठ वाचाही गेली. घरात आम्ही दोघीच. माझं टेबल तिच्या पलंगाला लागून आहे, म्हणजे तिनं डावा हात आपटला की मला लगेच ऐकू येतं. मध्यंतरी तिच्यासाठी एक बाई ठेवून बघितली होती. ती बाई आईशी लहान मुलाशी बोलावं तसं लाडेलाडे बोलायची. आईनं ते थोडे दिवस सोसलं आणि मग त्याच डाव्या हातानं वरणभाताचं ताट तिच्या अंगावर भिरकावलं. बाई गेली. वरणाचा डाग अजून भिंतीवर आहे.

तर राऊटर दाराशी, काँप्युटर पार आत, आणि मध्ये स्वयंपाकघर, फ्रिज आणि आईच्या लग्नातलं लोखंडी कपाट. नेट यायचं, जायचं. नेमकी फाइल चढत असताना जायचं. ऐन हंगामात दोनदा गाडी अडली तेव्हा मालकांनी शांतपणे सांगितलं, "मॅडम, अजून एकदा असं झालं तर तुम्ही आपलं पिंपळगावलाच येऊन बसा. इथं नेट चांगलंय." मालक ओरडले असते तर मला इतकी भीती वाटली नसती. मी पिंपळगावला जाऊन बसले तर आईजवळ कोण? आणि नाही गेले तर आम्ही दोघींनी खायचं काय?

उपाय सगळ्यांकडे एकच होता. कंपनीचा मुलगा येऊन बघून गेला आणि म्हणाला, "टेबल हॉलमध्ये घ्या." पुण्याच्या भावाला फोन केला तर तो म्हणाला, "अगं, टेबल हॉलमध्ये घे ना." खालच्या मजल्यावरच्या शेख भाभी फार मायेच्या, पण त्याही म्हणाल्या, "ताई, टेबल बाहर घेऊन टाका ना!" शेवटी मी नानांना बोलावलं. मनात म्हटलं, तेही तेच सांगतील, निदान पाटाच्या भाषेत सांगतील.

नाना आले, सरळ शेवटच्या खोलीत गेले, पलंग आणि कपाट यांच्या मधल्या बेचक्यात अंग चोरून उभे राहिले आणि मोबाइल छातीशी धरून त्यात बघत राहिले. मग म्हणाले, "लय हाल हायेत टेलचे."

इतक्या लोकांत असं म्हणणारे ते पहिलेच. मला एकदम भरून आलं. मी म्हटलं, "सगळे म्हणतात, टेबल हॉलमध्ये घे."

नाना असे उसळले की कपाटावरचा डबा हलला. "कोन म्हनतो? टेलवाल्याला असं कधी म्हनायचं नाय, का तुझं शेत उचल आन् हेडला आनून ठेव! पानी त्याच्यापर्यंत न्यायचं. नाय नेता येत तर पगार घ्यायचा नाय!"

त्या आवाजानं आई जागी झाली. आईला मी आजारपणानंतरच इथे आणलं होतं आणि तेव्हापासून नाना आमच्याकडे आले नव्हते, त्यामुळे तिच्याकडे त्यांचं पहिल्यांदा तेव्हाच लक्ष गेलं. ते वाकले, चष्मा वर-खाली केला आणि मग चक्क एक पाऊल मागे सरले.

"मखमलाबादच्या का ह्या? चारीच्या टोकाला झेंडूचा मळा व्हता, त्या सुमनबाई?"

होत्या खऱ्या. शहर वाढत आलं आणि आमच्या मळ्यावर इमारती उभ्या राहिल्या, त्याच्याआधी आम्ही फुलं आणि भाजी पिकवून बाजारात विकायचो. आमचा मळा चारीच्या शेवटाला होता. "लय भ्यायचो मी ह्यांना," नाना मला म्हणाले, पण बघत होते आईकडे. "एका वर्षी पानी कमी व्हतं. वरच्या बागा पिऊन घ्यायच्या, खाली थेंब येत नव्हता. मी आपला वरच्या वर हिंडायचो, कागदावर समदं बरोबर. तर ही बाई चारीवर मोटारसायकलीला आडवी आली. हातात खुरपं. काय बोलल्या सांगू? 'मुडद्या, वरच्यांना पाजून पाजून तुझ्या हाताला शेवाळ आलं! खाली उतर आन् माझ्या झेंडूच्या मुळ्या बघ!' समद्या लोकांसमोर!"

पलंगावरून एक आवाज आला. मला आधी वाटलं आईला ठसका लागला. मी पाणी घेऊन धावले, तर ती हसत होती. अर्ध्या चेहऱ्यानं, पण पोटभर. आजारपणानंतर तिचं हसू मी पहिल्यांदाच ऐकत होते. नानांनी ती शिवी आणखी एकदा म्हणून दाखवली, आणि तिनं डावा हात गादीवर आपटून दाद दिली.

"त्या दिवशी मी पहिल्यांदा टेलपर्यंत चालत गेलो," नाना म्हणाले. "तवापासून सवय लागली."

मी बघतच राहिले. जिलबीचा पंचनामा, लोकांच्या बाल्कन्या आणि देवघरं, या माणसाचं सगळं तत्त्वज्ञान माझ्या आईच्या तोंडून निघालं होतं, आणि मला याचा पत्ताच नव्हता.

त्यानंतर नानांनी आमचं घर हाती घेतलं. सुरुवात काही फार शोभेची नव्हती. पहिल्या दिवशी त्यांनी "मधी अडवतंय" म्हणून फ्रिज बंद करायला लावला. नेटमध्ये फरक पडला नाही, दूध मात्र नासलं. दुसऱ्या दिवशी "उतार पाहिजे, उताराशिवाय काय वाहतं का?" असं म्हणत त्यांनी राऊटर चपलांच्या कपाटातून काढून माळ्यावर चढवला. वायफायला उतार लागत नाही एवढं मलाही माहीत होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात काँप्युटरवर सिग्नलची एक काडी वाढली. मी तोंड मिटलं.

मग ते टेबलाखाली शिरले. आमच्या काँप्युटरला वायफाय पकडणारा जो अंगठ्याएवढा डोंगल असतो, तो सीपीयूच्या पाठीमागे, भिंतीला घासून बसवलेला होता. टेबलाखालून नानांचा आवाज आला, "अरारारा! चारीचं तोंडच भिताडात घातलंय की हो!" ते बाजारात जाऊन एक लांब वायर घेऊन आले. तिचं एक टोक काँप्युटरला लावलं, दुसऱ्या टोकाला डोंगल बसवला, आणि आता हा उंचावर कुठे टांगायचा म्हणून खोलीभर नजर फिरवली. आईच्या पलीकडे, डाव्या हाताच्या बाजूला सलाईन लावायचं स्टँड उभं होतं. आजारपणात आणलं ते तसंच राहिलेलं. नानांनी डोंगल त्याला टांगला. एवढ्यावर समाधान न होता स्वयंपाकघरातून माझी पुरणाची स्टीलची चाळण आणली आणि डोंगल तिच्या पोटात येईल अशी दाराकडे तोंड करून सुतळीनं बांधली. "इकडं तिकडं सांडलेलं पानी गोळा करून टेलला देती," असं त्यांनी सांगितलं. माझ्या टेबलावरून आता मला फक्त चाळणीची पाठ दिसायची. घरात आलेले पाहुणे ते स्टँड बघून विचारायचे, हे काय नवीन औषध?

आणखी दोन काड्या वाढल्या! मी हात जोडले. आईनं चाळणीकडे बघून भुवई उडवली.

पण संध्याकाळ झाली की नेट पुन्हा लंगडायला लागायचं. नानांनी मोबाइलमध्ये एक ॲप घेतलं होतं. त्यात इमारतीतल्या सगळ्यांची वायफाय रंगीबेरंगी डोंगरांसारखी दिसायची. ते डोंगर एकमेकांच्या अंगावर चढलेले होते. नानांनी तो पडदा माझ्यापुढे धरला. "बघ! समद्यांनी एकाच चारीत पानी सोडलंय. कसं पोचंल? यात बिनधक्क्याच्या चाऱ्या, म्हंजी चॅनल, तीनच हायेत. एक, सहा आन् अकरा. बाकी समद्या एकमेकींना धडकत्यात." हे त्यांनी मोबाइलवर वाचून, व्हिडिओ बघून शोधून काढलं होतं. पण पुढे जे केलं ते कुठल्याही व्हिडिओत नव्हतं.

त्यांनी इमारतीची शेजपाळी लावली.

शेजपाळी म्हणजे पाटाच्या पाण्याची पाळी. शेजारानं शेजार, क्रमानं, टेलपासून सुरू करून हेडकडे. नानांनी रविवारी सकाळी सगळ्यांना पार्किंगमध्ये गोळा केलं, स्वतः स्कूटरवर बसले आणि कुणाच्या राऊटरनं कुठल्या चारीत जायचं ते जाहीर केलं. अंगाला अंग लावून असलेल्या दोन घरांनी एका चारीत यायचं नाही, हा नियम. थोडी कुरकुर झालीच. शेख भाभी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "नाना, मेरा तो मस्त चालतंय. मी का बदलू?"

"भाभी, हेडवाल्याचं मस्तच चालतं," नाना म्हणाले. "पन तुमच्या डोक्यावर एक पोरगी आईला सांभाळून काम करती. तिची रोजी या हवेतून येती. तुम्ही सहावर बसलाय, ती पन सहावर. तुम्ही अकराला गेलात तर तुमचं काय जानार? काय बी नाय. आन् तिचं सगळं ऱ्हाईल."

भाभी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "या अल्ला, आधी का नाही बोललात? चला, करून टाका!"

नाना मग दारोदार फिरले. पासवर्ड टाकायची वेळ आली की ते भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे आणि "टाका, मी बघत नाय" असं म्हणायचे. म्हातारा माणूस कुणाकुणाच्या घरात भिंतीकडे तोंड करून उभा आहे, हे दृश्य मी त्या दिवशी मजल्यामजल्यावर पाहिलं. सगळ्यात शेवटी ते आमच्या घरी आले आणि माळ्यावरच्या राऊटरला हात जोडून मला म्हणाले, "सोड आता."

माझी मोठी फाइल, जी चढताना मी देवाचं नाव घेत बसायची, ती भरकन गेली. मी पुन्हा एक पाठवली. तीही गेली. शेजारचे डोंगर आपापल्या जागी शहाण्यासारखे उभे होते. ज्या इमारतीत गाडी लावण्यावरून दोन पिढ्या भांडल्या, तिथे या माणसानं डोळ्यांना न दिसणारी गोष्ट वाटून दिली होती आणि कुणाचा आवाज चढला नव्हता. मला खरंच त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, आणि मी पडलेही. नाना म्हणाले, "चहा ठेव."

त्यानंतर नानांच्या शब्दापुढे माझ्याकडे प्रश्न उरला नाही. त्यांनी एकच दंडक घालून दिला होता. "टेलच्या गेटला माझ्याशिवाय कुनी हात लावायचा नाय. पानी गेलं की मला फोन कर." चाळण पुसायलासुद्धा मी त्यांना विचारायची.

थोडे दिवस बरे गेले आणि एक नवीनच दुखणं सुरू झालं. सकाळभर नेट पाण्यासारखं वाहायचं आणि दुपारी चहाच्या सुमाराला एकदम गप्प व्हायचं. मी नानांना फोन करायची. ते तळमजल्यावरून लगेच यायचे. धुतलेला सदरा, केस पाणी लावून चापून बसवलेले. आत जायचे आणि मला सांगायचे, "तू हेडला जाऊन उभी ऱ्हा. दिव्यांवर नजर ठेव." मी दाराशी मान वर करून माळ्यावरच्या दिव्यांकडे टक लावून उभी. दिवे ठणठणीत असायचे. आतून काही खुडबुड, काही पुटपुट ऐकू यायची आणि मग नानांची आरोळी, "आलं!" खरोखर आलेलं असायचं. मग ते चहा घ्यायचे, आईच्या पलंगाशी स्टूल ओढून बसायचे आणि तिला पाटावरच्या जुन्या माणसांच्या गोष्टी सांगायचे. कोण कुणाच्या बांधावरून भांडलं, कुणाची म्हैस पाटात पडली. आई ऐकता ऐकता गादीवर हात आपटायची. सूर्य उतरला की नाना जायचे.

"नाना, रोज दुपारीच का जातं हो?" मी एकदा विचारलं.

"बाष्पीभवन," नाना म्हणाले. "उन्हाळा हाय. पाटात बी होतं."

हे मी मान्य केलं. शिकलेली बाई मी, पण ज्यानं उतार लावून वायफाय वाढवलं त्याच्याशी वाद कोण घालणार? पुण्याच्या भावालाही मी फोनवर बाष्पीभवनाचं सांगितलं. त्यानं पुन्हा टेबल हॉलमध्ये घ्यायला सांगितलं.

आणि मग ती दुपार आली. गाडी बंदराच्या दाराशी उभी, ड्रायव्हरचा फोन मालकांना, मालकांचा मला. एका दाखल्यात दुरुस्ती होती, ती करून मी फाइल चढवायला घेतली, आणि अर्ध्यावर नेट गेलं. मालक फोनवरच होते. "मॅडम, मी तुमच्या आईचं समजू शकतो. पण आज हे कागद गेले नाहीत तर सोमवारपासून पिंपळगाव. मग मला काही सांगू नका."

नानांना फोन केला तेव्हा माझा आवाज ऐकून ते चप्पल न घालताच आले. "हेडला जा," म्हणाले. मी गेले. पण दाराशी पोचल्यावर सुचलं की राऊटर एकदा बंद करून चालू करू का, हे विचारावं, आणि मी मागे वळले. आतल्या खोलीच्या दाराशी येऊन थबकले.

नाना पलंगाशी गुडघ्यांवर बसले होते. आईची डावी मूठ घट्ट मिटलेली, आणि नानांनी तिच्यापुढे आपला तळहात पसरलेला.

"अक्का, आज नगं," ते हळू आवाजात म्हणत होते. "आज पोरीचं लय अडलंय. मी आलोय ना? द्या बरं. चहा घेतल्याबिगर जात नाय मी, शब्द देतो."

आईनं त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. मग मूठ उघडली. तळहातावर डोंगल होता. नानांनी तो चाळणीत खोचला आणि हॉलच्या दिशेनं तोंड करून नेहमीसारखी आरोळी ठोकली, "आलं!"

मी हॉलमध्ये नव्हते. त्यांच्या मागेच उभी होते. पण आधी खुर्चीत बसले आणि फाइल पाठवली. ती गेली. मालक म्हणाले, "मिळाले कागद. गाडी घेतली आत." मी फोन ठेवला आणि खुर्ची वळवली.

"नाना, हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

नाना स्टुलावर बसले. "पहिल्या दिवसापासून. पाटाची चोरी पकडन्यात जन्म गेला माझा. मला नाय कळनार?"

"मग बोलला का नाहीत? मी गावभर बाष्पीभवन सांगत फिरले!"

"टेलवाल्यानं चोरी केली तर मी कधी केस केली नाय," ते म्हणाले. पण या वेळी त्या वाक्याला नेहमीचा जोर नव्हता. आई छताकडे बघत होती, जणू आपला याच्याशी काही संबंधच नाही.

माझ्या मनात राग होता. थोडक्यात नोकरी वाचली होती माझी. नानांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि पुसतच राहिले.

"खरं सांगू का पोरी? आमची ही गेल्यापास्नं मला फोन लय येत्यात. नाना, नेट गेलं. नाना, या. मी जातो. नेट आलं की मानसं आपापल्या कामाला लागत्यात. त्यांचं बी बरोबर हाय, त्याच्यासाठीच तर बोलावलेलं असतं. मग मी घरी येतो." चष्मा त्यांनी डोळ्यांवर चढवला. "अक्कांचं उलटं हाय. मी यावं म्हनून त्या नेट घालवत्यात. असं दुसरं कोन बोलावतं मला?"

इतकी वर्षं मी या माणसाला कोपऱ्याकोपऱ्यांत उभं राहिलेलं पाहत आले होते, पण तो घरी जाऊन काय करत असेल हे मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. माझा राग कुठल्या कुठे गेला. मी म्हटलं, "नाना, तुम्ही रोज असेच येत जा ना. नेट असलं तरी."

नाना एकदम ताठ झाले. "असंच कसं? काम नसताना कुनाच्या दारात गेलो नाय मी."

मी आईकडे बघितलं. वाचा गेल्यापासून ती डोळ्यांनी बोलते, आणि मळा असताना ज्या नजरेनं ती गिऱ्हाइकाला एकच भाव सांगायची, त्या नजरेनं ती आता माझ्याकडे बघत होती. घासाघीस चालणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी मालकांना कळवून टाकलं की माझ्याकडे येणारे सगळे कागद दुपारच्या आत आले पाहिजेत, नंतर आमच्याकडे नेट नसतं. त्यांनी कारण विचारलं. मी बाष्पीभवन सांगितलं.

आता चहाची वेळ व्हायच्या आत माझं सगळं पाठवून झालेलं असतं. मी खुर्चीत पाठ टेकून बसते आणि मुद्दाम खिडकीबाहेर बघते. मागे सुतळी करकरते, चाळण जराशी वाजते आणि पडद्यावरचं नेट जातं. मी नानांना फोन लावून सांगते, "नाना, टेलचं पाणी गेलं हो." मग उठून तीन कप चहाचं आधण ठेवते.